स्वदेशी : घोषणेची की अभ्यासाची?

अंबाजोगाईच्या मोंढ्यात सोयाबीनची पोती घेऊन आलेला शेतकरी आज आडत्याने भाव पुकारण्याची वाट पाहत नाही. खिशातून मोबाईल काढून तो शिकागोच्या बाजारातील दर पाहतो, मलेशियात पामतेल काय भावाने गेले ते पाहतो आणि मग लातूरचा भाव विचारतो. जगाचा बाजार त्याच्या तळहातावर आला आहे. त्याला भाव कळतो. परंतु तो का चढला आणि का पडला, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. पारावर विचारले तर एक जण म्हणतो, व्यापाऱ्यांनी पाडला. दुसरा म्हणतो, सरकारने पाडला. तिसरा आभाळाकडे बोट दाखवून गप्प बसतो.

प्रत्येकाच्या उत्तरात सत्याचा थोडाथोडा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. पण हे अंश गोळा करून त्यांचा परस्परसंबंध लावणारे एक शास्त्र जगात आहे आणि त्याचे नाव आहे आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र. सत्ता आणि बाजार एकमेकांना कसे वळवितात, कोणत्या राष्ट्राच्या निर्णयाचा भार कोणत्या राष्ट्रातील कोणत्या माणसाच्या खांद्यावर पडतो, हा त्याचा विषय. हे शास्त्र आपण मराठीतून, आपल्या गावांतून, उच्च पातळीवर शिकत नाही. ज्या समाजाच्या भाकरीचा निर्णय या शास्त्राच्या परिभाषेत होतो, तोच समाज त्या परिभाषेला पारखा असावा, याला बौद्धिक पारतंत्र्य म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

हाली, कलदार आणि करोडगिरी

कोणी म्हणेल, एवढा जड विषय मराठवाड्यातील तालुक्याच्या गावाला कशाला हवा? ज्याला असे वाटते, त्याने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी ऐकलेल्या नाहीत. हे गाव निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणून ओळखले जात होते, तेव्हा येथील माणसाच्या कनवटीला दोन प्रकारचे रुपये असत. एक निजामाचा हाली आणि दुसरा इंग्रजांचा कलदार. सात हालींना साधारण सहा कलदार, हा हिशेब निरक्षर माणसालाही तोंडपाठ असे. नगरकडे किंवा सोलापूरकडे माल न्यायचा तर वाटेत करोडगिरीचा नाका लागे आणि तेथे जकात भरावी लागे. माणसे तीच, भाषा तीच, देव तेच. पण मधे एक राजकीय रेघ असल्यामुळे मालाची किंमत बदलत असे. चलन कोणाचे, नाका कोणाचा आणि नफा कोणाचा, हे तीन प्रश्न या शास्त्राच्या मुळाशी आहेत, आणि आमच्या आजोबांनी ते नाक्यावर रांगेत उभे राहून सोडविले होते. विद्यापीठांनी त्यांना नावे दिली एवढेच.

ती नावेही समजून घेतली पाहिजेत. डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची दारू यांचे उदाहरण घेऊन सांगितले की, ज्या वस्तूत आपले तौलनिक वर्चस्व आहे ती प्रत्येक राष्ट्राने निर्माण करावी, म्हणजे मुक्त व्यापाराने सर्वांचे भले होईल. तर्क निर्दोष दिसतो. पण त्या कापड-दारूच्या देवघेवीमागे १७०३ चा मेथुएन तह होता आणि त्या तहामागे इंग्लंडचे आरमार होते, हे त्या उदाहरणात दिसत नाही. जर्मनीच्या फ्रेडरिक लिस्टने १८४१ मध्ये हे उघड केले. संरक्षक जकातीच्या शिडीने वर चढायचे आणि माडीवर पोचल्यावर ती शिडी काढून घेऊन खालच्यांना मुक्त व्यापाराचा उपदेश करायचा, ही इंग्लंडची रीत त्याने दाखवून दिली. पुढे लॅटिन अमेरिकेत राउल प्रेबिश याने १९४९ मध्ये मांडले की, कच्चा माल विकून पक्का माल घेणाऱ्या देशांच्या पदरी कालांतराने तोटाच येतो. रॉबर्ट गिल्पिनने राष्ट्रांच्या सत्तास्पर्धेच्या अंगाने जागतिक बाजाराकडे पाहिले. सुझन स्ट्रेंज या ब्रिटिश विदुषीने १९८८ मध्ये सुरक्षा, उत्पादन, वित्त आणि ज्ञान अशा चार पायांवर जागतिक सत्ता उभी असल्याचे प्रतिपादन केले. २०१९ मध्ये हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन यांनी दाखविले की, परस्परावलंबनाची जाळीच आता शस्त्र म्हणून वापरली जातात. ज्याच्या हाती जाळ्याची गाठ, त्याच्या हाती इतरांची मान.

विसरलेले पूर्वज

आता मुख्य गाऱ्हाण्याकडे वळू. हे शास्त्र १९७० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमधील विद्यापीठांत जन्मले, असे आपल्याकडील विद्यार्थी पाठ करतात. बेंजामिन कोहेन यांनी २००८ मध्ये या विद्याशाखेचा जो बौद्धिक इतिहास लिहिला, तोही मुख्यतः त्या दोन देशांतील पंडितांभोवतीच फिरतो. परक्याने आपल्या घराचा इतिहास लिहावा, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते आपण आपल्या घराचा इतिहास विसरण्यात.

दादाभाई नौरोजींनी १८६७ मध्ये लंडनमध्ये उभे राहून हिंदुस्थानातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला. पुढे त्यांनी हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले आणि सरकारी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रालाही याहून अधिक खर्च येतो, हे सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले. आर्थिक निःसारणाचा हा सिद्धांत प्रेबिशच्या कितीतरी आधीचा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ‘भारतीय राजकीय अर्थशास्त्र’ या विषयावर व्याख्यान दिले. इंग्लंडच्या परिस्थितीतून काढलेले नियम त्रिकालाबाधित नव्हेत. देश, काळ आणि समाजस्थिती पाहून अर्थशास्त्र रचावे लागते, हा त्या व्याख्यानाचा गाभा. वैद्यनाथधाम देवघरच्या मराठी घरात जन्मलेल्या सखाराम गणेश देऊसकरांनी १९०४ मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहून हाच विचार सामान्य वाचकापर्यंत नेला. इंग्रज सरकारला त्या पुस्तकावर बंदी घालावी लागली, यावरून त्याचे वजन कळते.

यांतील एक नाव तर अंबाजोगाईकराने मुद्दाम ध्यानात ठेवावे. गणेश व्यंकटेश जोशी हे सोलापुरात शाळेचे मुख्याध्यापक होते. ना विद्यापीठ, ना मोठे ग्रंथालय. परंतु साम्राज्याच्या जमाखर्चाचा त्यांच्याइतका बारकाईने अभ्यास करणारा माणूस त्या काळी देशात विरळा. नामदार गोखल्यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यास अंदाजपत्रकावर जे गाजलेले भाषण केले, त्यामागे या मुख्याध्यापकाची आकडेमोड होती. शाळामास्तराच्या टेबलावरून व्हाइसरॉयच्या कौन्सिलाला उत्तर देता येते, याचा हा दाखला आहे. तालुक्याच्या गावात बसून काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी आता बोलावे.

आणि आज? कॅनडातील एरिक हेलायनर या अभ्यासकाने २०२१ मध्ये नवव्यापारवादावरील आपल्या ग्रंथात रानड्यांच्या विचाराची दखल घेतली. आमच्या न्यायमूर्तींची आठवण आम्हांला कॅनडातून यावी, यात हेलायनर यांचा मोठेपणा आहे आणि आमची शरम आहे.

आरसा आपल्यापुढेही धरू

एवढ्यावर थांबणे सोपे होते. पूर्वजांचा गौरव करावा, पाश्चात्त्यांना आणि डाव्या प्राध्यापकांना दोन शब्द सुनवावेत आणि समाधानाने पान उलटावे. पण हा लेख त्यासाठी नाही. आपलेच काय चुकले, हे विचारण्याची वेळ आली आहे.

१९९१ च्या अखेरीस डंकेल मसुदा आला. त्याच वर्षी स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली होती. दत्तोपंत ठेंगडींसारखा द्रष्टा त्या काळात सांगत होता की, हा करार केवळ व्यापाराचा नाही, तो राष्ट्राच्या निर्णयस्वातंत्र्याचा आहे. गावोगावी सभा झाल्या, पत्रके वाटली गेली. मग १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, सभा ओसरल्या आणि अभ्यास मागेच राहिला. ठेंगडींनी ग्रंथ वाचून भूमिका घेतली होती. आम्ही त्यांची भूमिका घेतली आणि ग्रंथ तेवढे ठेवून दिले.

दिवाळी आली की चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्काराची आवाहने निघतात. भावना शुद्ध आहे, तिची थट्टा कोणी करू नये. पण एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा आपल्या वाहनउद्योगाचे धाबे दणाणले. दिव्यांची माळ सुंभाने बांधूनही घर उजळते. चुंबकावाचून विजेवरची गाडी चालत नाही. शत्रूची गाठ कोठे आहे हे न जाणता त्याच्या शेपटाशी झुंजणे, याला शौर्य म्हणत नाहीत. ती गाठ कोठे आहे हे फॅरेल-न्यूमन सांगत होते, पण ते वाचायला आपल्यापैकी कितीजण बसले होते?

आणखी एक सवय सोडली पाहिजे. प्रेबिश डाव्यांना प्रिय म्हणून आपण त्याला दूर ठेवायचे आणि रिकार्डो बाजारवाद्यांना प्रिय म्हणून त्यालाही नाकारायचे, मग उरते काय? नौरोजींनी मिल वाचला, रानड्यांनी लिस्ट वाचला आणि तो जसाच्या तसा उचलला नाही, पारखून घेतला. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून नेमक्या शब्दांत मांडायचे आणि मग खोडायचे, ही पूर्वपक्षाची शिस्त आपल्याच परंपरेची आहे. ती शिस्त सोडून वादाला उभे राहणे हेच खरे परकेपण.

कापसाचा खटला

अभ्यासाने काय साधते, याचे उदाहरण कापसाचेच घेऊ. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जे प्रचंड अनुदान देत होती, त्यामुळे जगात कापसाचे भाव पडत होते. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध तक्रार गुदरली. केवळ अन्यायाची हाकाटी केली नाही. कॅलिफोर्नियातील कृषिअर्थशास्त्रज्ञ डॅनियल समनर यांचे गणिती विश्लेषण पुढे ठेवून, अनुदान नसते तर भाव काय असता, हे दाखविले. २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, २००५ मध्ये अपिलातही टिकला, आणि अखेर २०१४ मध्ये तीस कोटी डॉलर देऊन अमेरिकेला हा वाद मिटवावा लागला. प्रतिवादीच्याच देशातील पंडित साक्षीला उभा करण्याइतका ब्राझीलचा अभ्यास पक्का होता.

या खटल्यात भारत कोठे होता? त्रयस्थ पक्ष म्हणून. जगात सर्वाधिक क्षेत्रावर कापूस पिकविणारा देश, ज्याच्या विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या भावाने घरे उद्ध्वस्त झाली, तो देश बाकावर बसून दुसऱ्याचा खटला ऐकत होता. हळदीच्या बाबतीत मात्र असे झाले नाही. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या शास्त्रज्ञांनी जुने ग्रंथ आणि संशोधनपत्रे पुराव्यादाखल मांडली आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करविले. आजीच्या बटव्याचा अभिमान सगळ्यांनाच होता. पेटंट मात्र रद्द झाले ते कागदोपत्री पुराव्याने.

कोणाची स्वदेशी?

आता सर्वांत अवघड प्रश्न. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क पन्नास टक्क्यांवर नेले. कपडे निर्यात करणारे कारखाने अडचणीत आले. त्याआधीच, १९ ऑगस्टपासून, केंद्र सरकारने कापसावरील अकरा टक्के आयात शुल्क उठविले होते. सूट प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत होती, पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. तिरुपूरच्या कारखान्याला स्वस्त कापूस मिळाला. पण नेमक्या याच काळात बीड जिल्ह्यातला शेतकरी कापूस वेचून बाजारात आणतो. तिरुपूरचा विणकर स्वदेशी आहे आणि बीडचा कापूसकरीही स्वदेशीच आहे. मग स्वदेशीचा घोष करणाऱ्याने कोणाच्या बाजूने उभे राहावे?

हाच प्रश्न थेट आपल्या स्वयंपाकघरात येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयात शुल्क साडेसत्तावीस टक्के झाले. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना मोंढ्यांत भाव त्याच्याही खाली होते. मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणले गेले, कारण तेल महागल्याची ओरड शहरांतून होत होती. ती ओरड करणारे कोण? आपणच, मध्यमवर्गीय कुटुंबे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास पोचले, तेव्हा कुक्कुटपालकांच्या मागणीवरून बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली गेली. भाव चढला की आयात आणि पडला की उपदेश, हा शेतकऱ्याचा अनुभव आहे. शेतकऱ्याच्या नावाने हळहळणारे आपण तेलाच्या पिशवीवरचे वीस रुपये सोसायला तयार आहोत का, हे प्रत्येकाने आपल्या देवघरासमोर बसून स्वतःला विचारावे.

१८९६ मध्ये लँकेशायरच्या दडपणाखाली इंग्रजांनी हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसविला, तेव्हा शत्रू परका होता आणि निवाडा सोपा होता. आज हितसंबंधांची रेघ राष्ट्राच्या आतून जाते. येथे घोषणा मुकी होते आणि अभ्यासाला बोलावे लागते. शुल्क केव्हा लावावे, किती काळ ठेवावे, नुकसान कोणाचे आणि भरपाई कोणी द्यावी, याची उत्तरे सिद्धांत, आकडे आणि न्यायबुद्धी या तिन्हींच्या मेळातूनच निघतात. ज्याच्यापाशी हा मेळ नाही, त्याची स्वदेशी पहिल्याच बाजारात विकली जाते.

मुकुंदराजांच्या गावाला

हे सारे इंग्रजीत आहे, मराठीत परिभाषा कोठे, असा आक्षेप येईलच. अंबाजोगाईत तो कोणी घेऊ नये. या गावात मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये त्यांनी ‘विवेकसिंधू’ मराठीत रचला. वेदान्ताहून अवघड असे कोणते शास्त्र होते? तेव्हा परिभाषा तयार मिळाली नव्हती. ती त्यांनी घडविली. अर्थशास्त्राच्या बाबतीत तर आपण इतके रिकाम्या हातांचेही नाही. रामकृष्ण विश्वनाथ यांनी १८४३ मध्येच हिंदुस्थानच्या आर्थिक स्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले आणि लोकहितवादींनी १८४९ मध्ये ‘लक्ष्मीज्ञान’ सिद्ध केले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करण्यापूर्वी स्वामी रामानंद तीर्थ याच गावात शाळेत शिकवीत होते. लढा शाळेच्या वर्गातून सुरू होतो, हे या गावाला नव्याने सांगणे न लगे.

मग करावयाचे काय? प्रत्येक तालुक्याच्या गावी दहा जणांचे एक अभ्यासमंडळ उभे राहावे. त्यात शिक्षक असावा, आडत्या असावा, शेतकरी असावा, सनदी लेखापाल असावा, गृहिणी असावी आणि पदवीनंतर स्पर्धा परीक्षांच्या फेऱ्यांत अडकलेले दोन तरुण असावेत. वर्षभरात रिकार्डो, लिस्ट, रानडे, नौरोजी, प्रेबिश आणि स्ट्रेंज हे सहा जण मुळातून वाचावेत. दर आठवड्याला आपल्या मोंढ्यातील भाव, आयात शुल्कातील बदल आणि परदेशी बाजारातील दर एका वहीत शेजारी शेजारी लिहावेत. वर्षाअखेरी त्या वहीवरून एक मराठी निबंध लिहावा आणि तो आपल्या आमदार-खासदारांच्या हाती द्यावा. सरकार आपल्या विचारांचे असो वा नसो, आकड्यांपुढे त्याला उत्तर द्यावेच लागते. आपल्या माणसांचे सरकार असेल तर हा निबंध अधिकच परखड असावा, कारण आपल्या माणसाला खरे सांगणे हे आपलेच कर्तव्य आहे.

अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी जपून ठेवली आहे. चाळीस फूट लांबीच्या सुती कापडावर त्या संतकवीने पंचीकरणाचे गहन तत्त्वज्ञान मराठीत लिहिले. आज त्या गावाच्या आसपास कापूस पिकतो, बाहेर जातो, सूत होतो, कापड होतो. परंतु त्याची किंमत, त्याची जकात आणि त्याचे नियम दुसरेच लिहितात, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत. कापड आपले आहे. त्यावरचा मजकूर पुन्हा आपण लिहिणार आहोत की नाही, एवढाच प्रश्न आहे.